रायफल बदलण्याआधी सैनिकाच्या अंगावरचं ओझं बघा

अमेरिकी लष्कराने २०२२ मध्ये ५.५६ मिलिमीटर (गोळीची जाडी) च्या एम४ रायफलच्या जागी नवी रायफल निवडली, आजची एम७. तेव्हापासून एकच सूर ऐकतोय: ५.५६ मिलिमीटरच्या रायफलींचे दिवस भरले, सगळ्याच सैन्यांनी त्या काढून टाकाव्यात. मला हे अजिबात पटत नाही.

बदलामागचं कारण खोटं नाही. अफगाणिस्तानात डोंगरावरून लांबून मारा व्हायचा, तिथे ५.५६ ची गोळी कमी पडायची. शत्रूच्या छातीवर आता चिलखती पत्रा असणार, हीसुद्धा खरी काळजी. म्हणून ६.८ मिलिमीटरचं दमदार काडतूस आलं. पण ते वाहून कोण नेणार? सैनिकाकडे साधारण सात मॅगझिन, म्हणजे रायफलला लावायच्या गोळ्यांच्या पेट्या, असतात. एम४ चं मॅगझिन ३० गोळ्यांचं, म्हणजे २१०. एम७ चं २० चं, म्हणजे १४०. सत्तर गोळ्या कमी, आणि तरीही ओझं जास्त! रायफलचंही तेच. एम४ तीन किलोच्या आसपास, एम७ सायलेन्सरसकट जवळपास साडेचार. पाठीवर वीस किलो घेऊन चढण चढलेल्या कुणालाही विचारा, वरचा दीड किलो काय असतो ते.

चकमकीत झाडलेल्या बहुतेक गोळ्या कुणाला लागत नाहीत. समोरच्याने डोकं वर काढू नये आणि तेवढ्यात आपला साथीदार दहा पावलं पुढे सरकावा, यासाठी त्या असतात. अशा वेळी हात पाऊचकडे गेला आणि पाऊच रिकामा निघाला, तर उघड्यावरच्या त्या साथीदाराचं काय?

आणि दोष खरंच रायफलचा असतो का, हेही आधी तपासा. व्हिएतनाममध्ये एम१६ ऐन लढाईत अडकायची. काडतुसातली दारू बदलली होती, चेंबरला, म्हणजे काडतूस जिथे बसतं त्या नळीच्या भागाला, क्रोमचा मुलामा नव्हता, आणि हिला फारशी सफाई लागत नाही असं सांगून पोरांना सफाईचं सामानही नीट दिलं नव्हतं. आत रुतलेलं रिकामं काडतूस सळईने ढोसून काढताना माणसं मेली. हे वाचताना आजही संताप येतो. चेंबरला क्रोम चढला, सामान आणि शिकवण मिळाली, आणि त्याच घराण्यातली रायफल पुढे अर्धशतकाहून जास्त चालली; एम४ ही त्याच घराण्यातली. ब्रिटनच्या एसए८० रायफलची १९९१ च्या आखाती युद्धात अशीच बदनामी झाली होती. ती फेकली नाही, २००० नंतर सुधारून घेतली.

एम७ सोबतच्या दुर्बिणीत अंतर मोजणारा लेझर आहे, गोळी किती खाली पडेल याचा हिशेब आहे. ही खरी झेप! असली दुर्बीण जुन्या रायफलसाठी तयार करा, सरावाच्या गोळ्या वाढवा. मोठं काडतूस हवंच असेल तर प्रत्येक तुकडीतल्या एक-दोन पक्क्या नेमबाजांना द्या. बाकीच्यांच्या पाऊचमध्ये त्या २१० गोळ्या राहू द्या.