यादीत दशावतार हवाच

शनिवार-रविवारसाठी काय वाचावं, रांधावं, बघावं याची तुमची यादी आवडली, पण 'काय बघाल' मध्ये फक्त ओटीटी? सध्या सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम आहे. कोकणात असाल तर शनिवारी रात्री जवळच्या देवळात दशावतार, म्हणजे पौराणिक कथांवरचं इथलं लोकनाट्य, बघाच. बहुतेक नाटकांना लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. जमलं तर थोडं लवकर जा. नट आपापला रंग स्वतःच लावतात, ते बघण्यासारखं असतं. आणि युद्धाला तोंड फुटलं की पखवाज-झांज काय कडाडते!

दुपारी कुळथाची पिठी करा. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्या, थेट उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात. ठेचलेल्या लसणीची फोडणी सढळ हाताने, दोन-तीन कोकमं आणि सोबत गरम भात. बाकी काही लागत नाही.

वाचायला श्री. ना. पेंडशांची 'गारंबीचा बापू' (१९५२). खरेदी सावंतवाडीच्या चितारआळीत. तिथली लाकडी फळं इतकी हुबेहूब असतात की हात आपोआप पुढे जातो. मुलांसाठी प्लास्टिकऐवजी तीच घ्या.