आधी स्लॅब, मग सोलर

चौकातल्या गप्पांची सुरुवात विजेच्या नव्या मीटरवरून झाली. तो पळतो की नाही, यावर पानठेल्यासमोर इतकं बोलून झालं आहे की इथं पुन्हा लिहीत नाही. नवतपा चालू, रात्री नऊलाही बसायचा सिमेंटचा ओटा चटके देत होता, त्यामुळे डोकीही तापलेलीच.

छतावर सोलर बसवलेल्या प्रफुल्लनं मोबाइल काढला. म्हणजे आता अॅप.

"आज १२.६ युनिट! तीन किलोवॅट, ७८ हजार सबसिडी. बिल किती आलं माहीत आहे?"

"माहीत आहे," राजू म्हणाला. "परवा लग्नाच्या पंगतीत तू नवरदेवालाही सांगून राहिला होता."

राजू वायरिंग करतो, कूलर बसवतो. चौकातलं प्रत्येक घर त्यानं वरून पाहिलेलं आहे. बाकीचे आम्ही नुसते बोलतो.

"सोलर वाईट नाही भाऊ. पण तुझ्या वरच्या खोलीतला एसी किती वर असतो? अठरा न? स्लॅब दिवसभर तापते अन् रात्री एक वाजेपर्यंत ते सगळं खाली सोडते. छतावर कमावलं, छताखाली उडवलं. आधी स्लॅबला चुना मार."

"चुना?" प्रफुल्लचा चेहरा असा झाला की जणू कोणी त्याला सायकल घ्यायला सांगितली. "टेक्नॉलॉजी कुठं गेली बे, अन् तू चुना घेऊन बसला!"

"अहमदाबादेत महापालिकेनं गरिबांच्या छपरांना पांढरा रंग मारला. तेलंगणानं तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच काढलं. ते काय येडे आहेत? चुन्यात थोडा फेविकॉल टाक, उन्हाळा निघते."

खरं सांगायचं तर चुन्याची अडचण वेगळीच आहे. पॅनेल रस्त्यावरून दिसतं, एसीचा डबा गॅलरीत दिसतो. चुना मारलेली स्लॅब फक्त कावळ्यांना दिसते. दहा पाहुण्यांना वर नेऊन कोण दाखवणार?

मन्याचा वेगळाच हिशोब. "३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दरानं लागते. म्हणून महिनाअखेरीला आम्ही फ्रिज बंद ठेवतो."

राजूनं कपाळाला हात लावला. "अबे, खालचे युनिट खालच्याच दरानं राहतात. ३०० च्या वर जेवढे जातील तेवढेच महाग. वहिनींचं दही फुकटात नासवून राहिला तू!"

"भाड्याच्या घरात मी करू तरी काय? चुना मारला तर मालक म्हणेल, घर थंड झालं, भाडं वाढवा."

यावर हसलो खरे, पण त्यात खोटं काही नव्हतं. राजू मात्र सोडत नाही. "पंखा तुझा आहे न? जुना ७५ वॅट खाते. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा लाव, तीस-बत्तीसमध्ये भागते. रोज सोळा तास धर, महिन्याला वीस-एकवीस युनिट वाचतात. घर सोडशील तेव्हा काढून ने. अन् फ्रिजच्या दारात नोट अडकव. सहज ओढून निघाली तर रबर गेलं समज."

"दहाची चालते?"

"पाचशेची लाव. मी येतो तपासायला."

मग गाडी गजूभाऊंवर. ते कूलर लावून सगळ्या खिडक्या घट्ट बंद करतात, थंडी बाहेर जाते म्हणून. ओल कोंडते, अंग चिकचिकतं, आणि मग दोष वाळ्याच्या ताट्यांना! राजूनं समोरची खिडकी उघडून दाखवली होती. गजूभाऊंनी तो गेल्यावर लावून घेतली.

"ते जाऊ दे," गजूभाऊ म्हणाले. "रविवारी लाइट गेली तेव्हा याचं सोलर काहून बंद पडलं? दुपारी बारा वाजता, एवढ्या उन्हात!"

प्रफुल्ल अॅपमध्ये शिरला. उत्तर राजूनंच दिलं. "पडलंच पाहिजे. खांबावर लाइनमन चढलेला असतो. याच्या छतावरचा करंट लाइनीत गेला तर तो खालीच येईल. म्हणून लाइनीला जोडलेलं सोलर लाइनीसोबतच बंद होते."

"या प्रफुल्लला लाइनमनची काळजी कधीपासून? गणपतीत खांबावर आकडा यानंच टाकला होता!"

"वीस वर्षं झाली त्याला!" प्रफुल्ल उसळला. "अन् एक सांगतो, पॅनेल लावल्यापासून खालची खोली कमी तापते. सावली पडते न स्लॅबवर."

राजू क्षणभर थांबला. "हे बरोबर आहे. पण अर्ध्याच स्लॅबवर. उरलेल्या अर्ध्यावर मार चुना. उद्या सकाळीच मारू, गजूभाऊंची लोखंडी शिडी आण."

प्रफुल्ल गप्प.

"शिडी तुझ्याकडंच आहे न बे? दिवाळीपासून?"

"आहे… म्हणजे आहेच. पॅनेलचं स्ट्रक्चर एका बाजूनं डुलत होतं. तर त्या पोरानं… वेल्डिंग करून टाकली त्यातच."

ठेलेवाल्याच्या हातून कात सांडला. मन्या हसता हसता ओट्यावरून घसरला. गजूभाऊ तेवढे गंभीर.

"दाखव तो मोबाइल. माझ्या वाटचे युनिट किती झाले आतापर्यंत?"