साहेबांचा स्वॅप

सर्व्हर रांगायला लागला की साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात आणि मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडचा आउटपुट माझ्याआधी वाचतात. 64 जीबी रॅमपैकी जेमतेम 600 एमबी मोकळी. "बाकीची गेली कुठे?" हे ते अशा आवाजात विचारतात, जणू मीच ती डब्यातून घरी नेतो.

लिनक्सला रिकामी रॅम बघवत नाही. मोकळी दिसली की डिस्कवरून वाचलेल्या फायली कॅश म्हणून तिच्यात भरायच्या, आणि कुणी मेमरी मागितली की मुकाट्यानं जागा सोडायची, असा त्याचा खाक्या. बघायचा आकडा 'अव्हेलेबल'चा, म्हणजे मागितली तर मिळू शकेल त्या मेमरीचा. 2014 पासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः तो हिशेब मांडून देतो. पण तोवर साहेबांची नजर खालच्या ओळीवर गेलेली असते. "अरे, 2 जीबी स्वॅप वापरलाय!"

स्वॅप म्हणजे रॅममधलं सामान ठेवायला डिस्कवर राखलेली जागा. वापरलाय म्हणजे काय, तर बूट झाल्यावर एकदा जागी होऊन पुन्हा झोपलेल्या कुठल्यातरी सर्व्हिसची पेजेस, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर गेली. माळ्यावर ट्रंक आहे म्हणून घर लहान पडलं असं कुणी म्हणत नाही. तीच ट्रंक दर मिनिटाला शिडी लावून खाली-वर व्हायला लागली, की मात्र घरात कुणालाच काही सुचत नाही. ही शिडी 'व्हीएमस्टॅट 1'मध्ये दिसते, 'एसआय' (स्वॅपमधून रॅममध्ये) आणि 'एसओ' (रॅममधून स्वॅपमध्ये) या रकान्यांत. (पहिली ओळ सोडून द्यायची, ती बूटपासूनची सरासरी. साहेब नेमकी तीच वहीत टिपतात.) त्या दिवशी दोन्ही रकाने शून्यावर यायला तयार नव्हते. लोड (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) 40 आणि सीपीयू निवांत! सगळे डिस्कच्या दारात ताटकळलेले, आणि लिनक्स त्यांनाही लोडमध्ये धरतो.

प्रोसेसची यादी दाखवणारा 'टॉप' उघडून, ती मेमरीनुसार लावायला कॅपिटल एम दाबला. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर 'आरईएस'ची, म्हणजे प्रत्येक प्रोसेसनं रॅममध्ये धरलेल्या जागेची, बेरीज केली, ती रॅमपेक्षा जास्त भरली. सामायिक पेजेस प्रत्येकाच्या नावावर मोजली जातात हे त्यांना समजावतोय, तोच ओओएम किलरनं, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या जल्लादानं, डेटाबेस मारला. त्याचा न्याय सरळ: ज्याचं पोट मोठं, त्याचा नंबर पहिला. चोरी कुणी केली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

चोर निघाला मॉनिटरिंगचा एजंट, सर्व्हरवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम. थोडी थोडी मेमरी घ्यायचा, परत द्यायचं नाव नाही. त्याची दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत डेटाबेसचा 'ओओएम स्कोअर अ‍ॅडजस्ट' उणे 1000 करून ठेवला, म्हणजे किलरनं त्याच्याकडे बघायचंच नाही. पुढच्या खेपेला किलरनं बरोबर एजंटाला उचललं. मेमरी संपल्याचा इशारा पाठवणं हे एजंटाचंच काम, त्यामुळे इशारा काही आला नाही. मेमरीची एकही तक्रार नाही, असं साहेबांनी मीटिंगमध्ये अभिमानानं सांगितलं.