धबधब्याला जाऊ, पण आज नळ आहेत

माझे साडू रत्नागिरीचे. माणूस सोन्यासारखा, खोड एवढीच की आपण समुद्रकाठी राहतो हे ते दुसऱ्याला विसरू देत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर एका दिवसात त्यांनी सगळा कारभार उरकला. सकाळी उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती, दुपारी मार्लेश्वरचा धबधबा, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर भेळ. भेळेचा कागद चुरगाळत म्हणाले, "तुमच्याकडे असं काही नसेल ना?"

हे ते माझ्या बायकोसमोर म्हणाले. तेव्हापासून मी वाट बघत होतो.

यंदा सप्टेंबरात मंडळी सोलापूरला आली. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना पार्क चौपाटीवर नेलं, तिथंच चुकलं. रिक्षातून उतरून साडूंनी चारी बाजूंना नजर फिरवली, पायाखाली बघितलं आणि विचारलं, "समुद्र कुठाय?"

"पाणीपुरी आहे की," मी म्हणालो.

घरी आल्यावर मी जाहीर करून टाकलं की उद्या नळदुर्ग. पन्नासेक किलोमीटर तर आहे. किल्ला, धबधबा आणि वर शेंगा चटणी, सगळं एकाच दिवसात. सकाळी सहाला निघायचं.

"उद्या नळ आहेत," बायको म्हणाली.

"नळ रोजच असतात ना?" साडूंनी विचारलं.

घरात एकदम शांतता पसरली. त्यांचा दोष नाही म्हणा. आमच्याकडे वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. त्यांच्याकडे तीन हजाराच्या वर. अशा माणसाला "नळ आहेत" या वाक्याचं वजन कळणार कसं? आमच्याकडे चार-पाच दिवसांनी एकदा नळ येतात. त्या दिवशी कुणी पाहुण्यांकडे जात नाही, आजारी पडत नाही आणि शक्यतो मरतही नाही. वार आमच्या गल्लीत कॅलेंडरवर नाही, ड्रमात बघतात. ड्रमाचा तळ दिसला की उद्या नळ.

सहाला आम्ही सगळे आंघोळ न करता अंगणात तयार. निळे ड्रम दोन, घागरी सात, मोटर जोडलेली, पाइप साडूंच्या हातात. नळानं एकदा "फुस्स" केलं, दोन थेंब टाकले आणि गप्प बसला. सात वाजले. आठ वाजले. आई दर दहा मिनिटांनी नळाला कान लावत होती, डॉक्टर लावतात तसा. साडू पाइप धरून इतके निश्चल उभे होते की शेजारचं पोरगं त्यांना विचारून गेलं, "काका, नवीन आलाव का बे?"

साडेनऊला गल्लीत बातमी आली की आज काही येत नाहीत, उद्या. मग उरलेल्या पाण्यात तोंडं धुतली, धपाटी-दही डब्यात भरलं आणि निघालो.

नळदुर्गला मात्र देव पावला. बोरी नदी भरून आली होती. किल्ल्यातल्या त्या बंधाऱ्याच्या दोन सांडव्यांना नर आणि मादी म्हणतात, आणि दोन्ही दणक्यात कोसळत होते. मी साडूंकडे बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती, त्यांचं बोलणं बंद झालं होतं.

खरी गंमत त्या बंधाऱ्याच्या पोटात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, तिथं पाणी महाल बांधला. अरुंद जिन्यानं खाली उतरायचं. डोक्यावरून आख्खी नदी जाते, समोर खिडकीबाहेर पाण्याचा पडदा, आणि आपण आत कोरडे. चारशे वर्षं झाली. माझ्या स्लॅबला बारा झाली, तर पावसाळ्यात हॉलमध्ये तीन पातेली ठेवावी लागतात.

तिथं एक फारसी शिलालेख आहे. हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधार येईल, अशा अर्थाचा. मी तो अर्थ साडूंना मोठ्या आवाजात, जरा रेंगाळत सांगितला. तेवढ्यात ते खिडकीशी वाकले, चष्म्याच्या दोन्ही काचांवर तुषार बसले आणि ते भिंत चाचपत म्हणाले, "अहो, मला काहीच दिसत नाहीये." शिलालेख कोरणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

इतक्यात बायकोचा फोन वाजला. समोरच्या काकू. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना.

"काय? पाणी? हो काकू, मस्त आलंय! दोन्हीकडून पडतंय! … नाही हो, बंद कशाला करायचं, बघत बसलोय नुसतं!"

पलीकडून काकूंनी बहुतेक कपाळाला हात लावला असावा. बायको जिना चढून वर गेली, पुन्हा फोन केला आणि वरूनच ओरडली, "अहो, नळ आलेत! आपल्याकडे! दाबानं!"

आई सत्तरीची. पण तो जिना तिनं माझ्याआधी चढला. उपळ्या बुरूज आणि त्यावरची मगर तोप राहिली, धपाटी डब्यातच राहिली. एवढा धबधबा पाठीमागं टाकून आम्ही सहा माणसं पार्किंगकडे पळत होतो आणि समोरून येणारे लोक घाबरून विचारत होते, "मधमाश्या उठल्या काय?"

हायवेला लागल्यावर कुणी बोलेना. काकूंनी आमचे दोन ड्रम लावलेत, घागरी मात्र घरात कुलपात, एवढंच कळलं होतं. मी ऐंशीच्या वर गेलो नाही, वय झालं माझं. तांदूळवाडीच्या आसपास मागच्या सीटवरून एक हात माझ्या खांद्यावर पडला. साडूंचा.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "जरा दाबा की. पाणी जाईल."