चित्र उलटं आहे हो!

पालकांच्या ग्रुपवर काल रात्री बाईंचा निरोप आला. "सहलीला सोबत येणाऱ्या पालकांनी मुलांसमोर योग्य आदर्श ठेवावा, ही नम्र विनंती." नाव कुणाचंच नाही. खाली बरेच अंगठे, काही जोडलेले हात, आणि जी सहलीला फिरकलीही नव्हती अशा एका आईचं 'अगदी खरं, बाई!' ही नम्र विनंती ज्या एकाच व्यक्तीला केलेली होती, ती मी. गुन्हा काय? तर बाईंच्याच नियमाप्रमाणे मी एका आजोबांचा हात धरून उभी होते.

चौथीची सहल, कलासंग्रहालय, मदतीला पालक हवेत, लेकीने परस्पर माझं नाव दिलं. इथवर सगळं नेहमीचंच. माझ्या वाट्याला सहा मुलं आली आणि त्यातल्या एकाचे आजोबा. ते खरं तर माझ्यासारखेच मदतीला आले होते. पण बाईंनी त्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि यादीत त्यांचं नाव मुलांच्या खाली लिहून टाकलं. मग जोड्या लावल्या. 'जोडीदाराचा हात सोडायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा.' मुलांच्या तीन जोड्या झाल्या. उरलो आम्ही दोघं. माझी लेक माझ्याच गटात होती, पण दिवसभर ती मलाही इतरांसारखी 'काकू' म्हणत राहिली.

बसमध्ये बाईंनी ताकीद दिली. 2006 साली डेट्रॉईटच्या संग्रहालयात सहलीला आलेल्या 12 वर्षांच्या मुलाने एका मोठ्या चित्राला च्युइंगगम चिकटवलं; 2015 साली तैपेईत असाच एक मुलगा अडखळला आणि त्याचा हात जुन्या चित्रातून आरपार गेला. बाईंचा हेतू चांगलाच होता. पण चित्राला च्युइंगगम चिकटू शकतं ही शक्यता तोवर त्या बसमध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. मागच्या सीटवरून लगेच प्रश्न आला, "बाई, मग ते निघालं का?"

पहिल्या दालनात शिरल्याबरोबर एकाने विचारलं, "काकू, लाईट गेलेत?" गेले नव्हते. कागदावरची चित्रं आणि जलरंग साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास उजेडात ठेवतात, तैलचित्रांना 200 पर्यंत चालतं. कारण उजेडाने उडालेला रंग पुन्हा येत नाही. हे मला आता तोंडपाठ आहे. स्वच्छतागृहाच्या दाराशी हीच एक पाटी होती आणि सहा मुलं एकदम कधीच जात नाहीत. एकेक करून जातात, आणि सहावं बाहेर आलं की पहिल्याला पुन्हा लागते.

मुलांच्या हातात एक कागद दिला होता. पाच चित्रांची नावं लिहा, चित्रकार, साल, माध्यम. मुलं चित्रासमोर जात, खाली वाकून पाटीवरचं 'कॅनव्हासवर तैलरंग' उतरवून घेत आणि पुढच्या पाटीकडे पळत. एकानेही मान वर केली नाही. एका भल्यामोठ्या चित्रात वादळ, बुडतं जहाज, पाण्यात हातपाय मारणारी माणसं, सगळं होतं. आमचं पोरगं त्याच्याकडे पाठ करून विचारत होतं, "काकू, तैलमधला 'तै' कसा काढायचा?" एवढ्यासाठी बस कशाला करायची? पाट्यांचे फोटो मागवले असते तरी भागलं असतं.

तोवर आजोबांचे गुडघे बोलायला लागले होते. बेंजामिन गिलमन नावाच्या बोस्टनच्या संग्रहालयातल्या गृहस्थांनी 1916 साली 'म्युझियम फटीग', म्हणजे संग्रहालयात येणारा थकवा, या नावाचा लेखच लिहिला होता. वाकून, उकिडवं बसून, मान तिरकी करून वस्तू बघणाऱ्या माणसाचे फोटोसुद्धा सोबत छापले होते. शंभराहून जास्त वर्षं उलटली. पाट्या अजून कमरेखालीच असतात आणि बाक चार दालनं ओलांडल्यावर एक. तो बाक आधुनिक चित्रांच्या दालनात निघाला. आजोबा त्यावर टेकले, हात धरलेला असल्यामुळे मीही टेकले. समोर एक चित्र होतं. करडा रंग, खालच्या अंगाला लाल पट्टा, मधे दोन काळ्या रेघा. पाटीवर 'शीर्षकहीन'.

आजोबांनी मान डावीकडे केली. उजवीकडे केली. मग मला घेऊनच उठले.

"हे उलटं आहे."

"आजोबा, रेषेच्या मागे," कोपऱ्यातला रखवालदार म्हणाला.

"मी मागेच आहे. चित्र उलटं आहे."

"चित्र बरोबर आहे."

"कशावरून?"

"तसंच लावलंय."

"तसंच लावलंय म्हणून तर सांगतोय. लावणाऱ्याला बोलवा."

"ते रजेवर आहेत."

"कधी येणार?"

"आजोबा, तुम्ही चित्रकार आहात का?"

"मी ड्राफ्ट्समन होतो. अख्खी नोकरी नकाशे काढण्यात गेली. वरची बाजू कुठली, हे मला दुसऱ्याने सांगायची वेळ कधी आली नाही." मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुला दिसतोय का तो ओघळ? लाल पट्ट्यातून निघालाय आणि वर चाललाय. रंग कधी वर वाहतो का?"

दिसत होता. स्पष्ट दिसत होता. (चित्रकार काम करताना कॅनव्हास फिरवतात, त्यामुळे ओघळ कुठेही जाऊ शकतो. पण हे सांगायला पाटीवर एक ओळ पुरली असती.)

"कुठे ओघळ?" रखवालदार म्हणाला.

"खाली डोकं करून बघा, म्हणजे कळेल."

हे वाक्य आजोबांनी रखवालदाराला उद्देशून म्हटलं. पाळलं मात्र मुलांनी. सहाच्या सहा जणांनी हातातले कागद जमिनीवर टाकले, पाय फाकवले, वाकले आणि दोन पायांमधून चित्र बघायला लागले. "समुद्र आहे!" "नाही रे, सूर्य बुडतोय." "ती माणसं आहेत, दोघं." सबंध सहलीत माझ्या गटाने एखादं चित्र खरोखर पाहिलं असेल तर ते हेच.

रखवालदारालाही आता राहवेना. तो रेषा ओलांडून चित्राजवळ गेला, ओघळ शोधायला पुढे झुकला, आणि घंटा वाजली. नेमक्या त्याच क्षणी बाई दालनात आल्या. सहा बूड वर, घंटेचा ठणाणा, आणि मधोमध आजोबांचा हात धरून मी.

"काय चाललंय?"

"यांच्यामुळे," रखवालदार म्हणाला आणि चक्क माझ्याकडे बोट केलं. आजोबांकडेही नाही! मी म्हटलं, घंटा तुमच्यामुळे वाजली. तो म्हणाला, मॅडम, मी ड्यूटीवर आहे. यावर काय बोलणार? बाईंनी मुलांना सरळ केलं, कागद उचलायला लावले आणि मला सांगितलं, "तुमचे आजोबा सांभाळा."

माझे!

काल रात्रीचा तो निरोप वाचल्यावर झोप येईना, तेव्हा मी इरेला पेटून शोधत बसले. 1961 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मातीस या फ्रेंच चित्रकाराचं 'ल बातो' हे होडीचं चित्र 47 दिवस उलटं टांगलेलं होतं. चूक पकडली ती चित्रं बघायला आलेल्या एका बाईने. माँड्रियान या डच चित्रकाराचं रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र तर 1945 पासून उलटं लागत आलंय; हे 2022 साली लक्षात आलं, आणि आता सरळ केलं तर पट्ट्या सुटतील म्हणून तसंच ठेवलंय. हे सगळं मी ग्रुपवर टाकायला लिहिलंही होतं. मग पुसलं. लेकीला अजून बरीच वर्षं त्याच शाळेत काढायची आहेत.

परतीच्या बसमध्ये आजोबा खिडकीशी बसले होते, एकदम खुशीत. "पुढच्या वेळी तारांगण आहे म्हणे," ते म्हणाले. "मी बाईंकडे नाव देऊन आलो. तुझंही दिलंय."