लांबलचक नोट अडखळते, त्यात स्टोरेजचा दोष नाही

‘मोठ्या नोटमध्ये टाइप करताना अक्षरं उशिरा उमटत असतील तर फोन भरलाय, फोटो उडवा, ॲपचा डेटा क्लिअर करा’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यातलं कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि शेवटचा सल्ला तर घातकच आहे.

मजकुराला जागा लागते कितीशी? यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइटचं. १ लाख चिन्हांची नोट झाली तरी साधारण ३०० केबी, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा सहसा कमीच.

खरा भार पडतो मांडणीचा. मध्येच एक अक्षर घातलं की पुढच्या ओळी कुठे मोडायच्या हे ॲपला पुन्हा मोजावं लागतं. अँड्रॉइडच्या नेहमीच्या टाइपिंगच्या चौकटीत हे मोजमाप परिच्छेदापुरतं होतं. म्हणून एंटर न मारता लिहिलेला सलग मजकूर जास्त रखडतो. त्यात आपली जोडाक्षरं. ‘लक्ष्मी’ दिसायला दोन अक्षरं, आत मात्र सात चिन्हं, आणि ती जुळवायचं काम फॉन्टचं. शिवाय काही ॲप दर थोड्या वेळाने अख्खी नोट नव्याने सेव्ह करतात.

माझ्या आईची पाककृतींची एकच भली मोठी नोट होती. पदार्थागणिक वेगळी केली आणि टायपिंग लगेच सुरळीत झालं. एकही फोटो उडवावा लागला नाही.

‘क्लिअर डेटा’ मात्र कृपा करून दाबू नका. सिंक न झालेल्या, म्हणजे ऑनलाइन खात्यात प्रत न गेलेल्या नोटा त्याने कायमच्या जातात.