उताराच्या माथ्यावरचं घर

2020 मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या भाऊबंदांत दोन वाद चाललेत. जांबोटीकडची डोंगरउताराची जमीन फार्महाऊसवाल्याला द्यावी का, हा एक. आजोबांचं कौलारू घर पाडून स्लॅब टाकावा का, हा दुसरा. मी मेलबर्नला राहतो आणि दोन्ही वाद फोनवर ऐकतो. जमीन विकू नये या मताचा मी आहे. पण घर बांधायचं ते नेमकं कुठे आणि कसं, हा प्रश्न कुणाच्याच तोंडी नाही, आणि काळजी मला त्याची जास्त वाटते.

मी राहतो त्या व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 ला वणवे पेटले. 173 माणसं गेली, दोन हजारांवर घरं खाक झाली. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले. आता वणव्याच्या पट्ट्यात घर बांधायचं तर आधी जागा तपासतात: उतार किती, झाडोरा कसला, तो घरापासून किती लांब. त्यावरून धोक्याची पायरी ठरते आणि भिंत, काच, छप्पर कसं हवं ते त्या पायरीनुसार ठरतं.

माझ्या एका सहकाऱ्याचं घर किंगलेकच्या बाजूला आहे. त्या भागात 2009 ला फार मोठी हानी झाली होती. घर एकमजली, ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंतींचं, वर पत्रा. टेकडीचा माथा सोडून ते खाली सपाटीला, एका उघड्या खडकाच्या आडोशाला बांधलंय. खडक फोडला नाही, घरच त्याच्या कडेनं वळवलं. खिडक्यांना बारीक स्टीलची जाळी आहे, भोकं दोन मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत. बाहेर दहा हजार लिटरची पाण्याची टाकी आहे, ती फक्त आगीसाठी राखीव. अग्निशमन दलाची नळी जोडायचं तोंड तिला बसवलंय. भिंतीला लागून झुडूप नाही, लाकडाची रास नाही. ओसरीवरून दरी दिसते ती झाडांच्या फटीतून, आणि ते घर मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही बंगल्यापेक्षा देखणं वाटतं.

जाळी एवढी बारीक कशाला? कारण वणव्यात बहुतेक घरं थेट ज्वाळांनी पेटत नाहीत. वाऱ्यावर उडत आलेले निखारे फटीतून आत शिरतात, पन्हळीतल्या पाल्यावर पडतात, आणि वणवा पुढे निघून गेल्यावर घर आतून पेट घेतं.

हे कळल्यावर आमच्या जुन्या घराकडे मी वेगळ्या नजरेनं बघू लागलो. चिऱ्याची दीड हात भिंत जळत नाही. खानापूरचं भाजलेलं कौलही जळत नाही. सुगीला सारवलेलं खळं आणि घरापुढचं झाडलेलं अंगण म्हणजे आगीला अडवणारी मोकळी जागाच. व्हिक्टोरियात घरापासून 10 मीटरपर्यंतची झाडं आणि 30 मीटरपर्यंतची झुडपं काढायची मुभा नियमानं दिली, आपल्याकडे ती मोकळीक रोजच्या कामातून आपोआप राखली जात होती. मात्र दोन जागा कच्च्या आहेत. कौलांच्या सांध्यांतून ठिणगी सहज आत जाते आणि खाली माळ्यावर पिंजर भरलेलं असतं. परड्यात गंजीही गोठ्याला टेकून रचतात. कौलांखाली पत्रा मारून घ्या, माळा रिकामा ठेवा, गंजी लांब घाला; एवढ्यासाठी घर पाडायची गरज नाही. उलट स्लॅबच्या घराला पावसाळ्यात बांधलेलं प्लॅस्टिक उन्हाळाभर तसंच लटकत राहिलं, तर तो स्लॅब काय कामाचा?

फार्महाऊसांचं तर याहून कठीण आहे. देखावा दिसावा म्हणून ती उताराच्या माथ्यावर चढवतात, समोर अख्खी काचेची भिंत. आग चढाला लागली की दर दहा अंशांच्या चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, हा ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरालाही शिकवावा असा हिशेब आहे. फेब्रुवारी ते मेपर्यंत आपल्या उतारांवरचं गवत वाळून कोरडं होऊन उभं असतं. काजूच्या बागा दर उन्हाळ्यात जळाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात भर निलगिरीची. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तेलकट पान आणि सुटणारी साल घेऊन ते आगीला पुढे नेतं. कर्नाटकानं 2017 मध्ये तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली, ती पाण्याच्या कारणासाठी, पण लावलेली झाडं आहेत तिथेच आहेत.

परदेशातलं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. तिथल्या नियमांनी घराचा खर्च फार वाढतो, विम्याचे हप्ते सामान्य माणसाला झेपेनासे होतात. तिथल्या आदिवासींची थंडीत थोडं थोडं रान जाळून मोठी आग टाळण्याची रीत गोऱ्यांनी मोडली आणि आता तीच पुन्हा शिकताहेत. घ्यायचं ते एवढंच: आधी जमीन बघा, मग नकाशा काढा.

आणि एक गोष्ट मी आग्रहानं मागतो. सीमाप्रश्नाचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालंय. त्या लढ्यात मी मनानं कायम आहे. पण महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूनं उठलेला वणवा हद्दीचा दगड बघून थांबत नाही. व्हिक्टोरियाचं अग्निशमन दल वणव्याची तयारी कशी करावी हे अनेक भाषांतून छापतं, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला वाचवता येत नाही हे ते जाणून आहेत. वणव्याची सूचना आणि बांधकामाचे नियम जांबोटीच्या शेतकऱ्याला मराठीतून मिळावेत, ही मागणी भाषेच्या अभिमानाइतकीच जिवाची आहे.

चुलत भावाशी बोलणं झालंय. जुनं घर तूर्त पाडायचं नाही असं ठरलं. गंजी यंदा ओढ्यापलीकडे घालणार आहेत, आणि पुढच्या ग्रामसभेत तो दोन मुद्दे मांडणार आहे: उतारावरच्या नव्या बांधकामाला परवानगी देण्याआधी जागेची पाहणी, आणि वणव्याची सूचना मराठीतूनही.